लिहिणाऱ्याला माणसं कशाला लागतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत आम्ही सहा जण महिन्यातून दोनदा एकत्र बसतो आणि एकमेकांचं लिखाण ऐकतो. त्याला आठ वर्षं झाली. आमच्यात एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, एक बँकेतल्या बाई, एक औषधाचं दुकान चालवणारा, दोन शिक्षिका आणि मी. कोणीच 'साहित्यिक' नाही. ओळखीपाळखीतले लोक जे प्रश्न सारखे विचारतात, त्यांची उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय.

लिहिणं तर एकट्याचं काम. त्यात चारचौघं कशाला?

लिहायचं एकट्यानेच. आमच्या बैठकीत कोणी लिहीत बसत नाही. पण कट्टा सुरू होण्याआधी मी दोन वर्षं दर एक जानेवारीला नवी वही घ्यायचो, आणि दोन्ही वह्या संक्रांतीच्या आतच थांबल्या. विषय नव्हता असं नाही. पुढचं पान वाचायला कोणी थांबलेलं नव्हतं. आता महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पोस्टमास्तर काका चष्मा पुसून विचारतात, "काय आणलंय?" त्या एका प्रश्नापोटी मी शनिवारी रात्री साडेअकरापर्यंत जागतो.

माणसांचा उपयोग मुख्यतः एवढाच, की कोणीतरी आपली वाट पाहतंय. प्रोत्साहन, मार्गदर्शन वगैरे सगळं त्यानंतर. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत ती प्रथाच पडली. तिचं साहित्यिक मोल काय ते जाणकार सांगतील. मला त्यातली लेख देण्याची ठरलेली तारीख महत्त्वाची वाटते. संपादकाचा तिसरा फोन आला नसता तर कित्येक कथा अजून कपाटात अर्ध्याच पडून राहिल्या असत्या, असं माझं ठाम मत आहे.

माझ्या ओळखीत लिहिणारं कोणीच नाही. सुरुवात कुठून करू?

लिहिणारं माणूस शोधू नका, ऐकणारं शोधा. आमचे औषधवाले सुरुवातीची दोन वर्षं एक ओळ लिहीत नव्हते. नुसते येऊन ऐकायचे. पण गोष्ट ऐकताना त्यांचं लक्ष नेमकं कुठे उडालं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं, आणि तेवढं आम्हाला पुरायचं.

अशी माणसं कुठे सापडतात? सार्वजनिक वाचनालयात ठराविक वेळी येऊन ठराविक कपाटासमोर उभं राहणारं एखादं असतंच. जुने सहकारी असतात. गप्पांत किस्से रंगवून सांगणारी मावशी असते. लोकलच्या गटात रोज भेटणारे असतात. त्यांना "आपण लेखन कट्टा काढूया का" असं विचारलंत तर ते दचकतील. "एक पान लिहिलंय, दहा मिनिटं ऐकशील का" असं विचारा. नाही म्हणणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही. कंटाळलेली मात्र बरीच भेटली, आणि कुठे कंटाळली हेही त्यांनी सांगितलं.

आणि दार उघडं नसेल तर नवं दार बसवणारेही आपल्याकडे झालेत. साठच्या दशकात प्रस्थापित मासिकांत ज्यांचं जमत नव्हतं किंवा ज्यांना ते नकोच होतं, त्या तरुणांनी लघुअनियतकालिकं, म्हणजे जमेल तेव्हा निघणारे छोटे अंक, काढली. अशोक शहाणे यांचं 'असो' त्यातलंच. औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श' या नियतकालिकाभोवती दलित लेखकांची एक पिढी जमली, आणि लेखक व वाचक समोरासमोर बसतील असे मेळावे भरू लागले. आपले वाचक आपल्यालाच जमवावे लागतात हे त्या लोकांना कोणी शिकवायला आलं नव्हतं.

किती जण असावेत? किती वेळा भेटावं?

चार ते सात. तिघांत एक आजारी पडला की बैठक बारगळते. आठाच्या वर गेलं की दोघांचं वाचन होतं आणि बाकीचे चहा पितात. पंधरा दिवसांनी भेटणं आम्हाला झेपतं. दर आठवड्याचा प्रयोग आम्ही केला, तो श्रावणात सुरू झाला आणि गणपतीत बुडाला.

बैठकीत नेमकं करायचं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगतो.

लिहिणाऱ्याने स्वतः मोठ्याने वाचायचं. झेरॉक्स वाटायच्या नाहीत. कागद हातात आला की माणूस पेन काढतो आणि ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करू लागतो. कानाने ऐकताना वाक्य कुठे लांबलं ते वाचणाऱ्यालाच कळतं, कारण त्याचा श्वास पुरत नाही. वाचन सात-आठ मिनिटांचं. त्यानंतर लिहिणाऱ्याने दहा मिनिटं गप्प बसायचं. "मला खरं तर असं म्हणायचं होतं" हे वाक्य आमच्याकडे बंद आहे. जे म्हणायचं होतं ते कागदावर नाही एवढाच त्याचा अर्थ होतो.

ऐकणाऱ्यांनी आधी काय लक्षात राहिलं ते सांगायचं. आवडलं की नाही हे नंतर. मग प्रश्न विचारायचे. सल्ला द्यायचा नाही. हा नियम पाळायला आम्हाला सहा महिने लागले, कारण शिक्षकी पेशातल्या माणसांना सल्ला आतून येतो.

एक प्रसंग सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा महापूर आला. आमच्यातल्या दोघांच्या घरात पाणी होतं. त्यानंतरच्या दिवाळीत बँकेतल्या बाईंनी पुरावर लिहून आणलं. सुरुवात अशी होती: "निसर्गाच्या रौद्र रूपापुढे मानव किती क्षुद्र आहे याची प्रचिती आली." त्यांनी वाचून संपवलं. सगळे गप्प. त्यांचं घर बुडालेलं, कोण काय बोलणार? शेवटी औषधवाले म्हणाले, "वहिनी, पाणी उतरल्यावर घरात गेलात, तेव्हा पहिली वस्तू कुठली उचललीत?"

बाईंनी जरा विचार केला. "मिसळणाचा डबा," त्या म्हणाल्या. "ओट्याखाली चिखलात उपडा पडला होता. पण झाकण घट्ट होतं. उघडला तर आतली मोहरी कोरडी. मी तिथेच चिखलात उभी राहून मोहरी बोटांनी चाळत बसले. हे म्हणाले, अगं, कपाटातली कागदपत्रं बघ आधी."

पुढच्या खेपेला लेख त्या कोरड्या मोहरीपासून सुरू झाला. निसर्गाचं रौद्र रूप आणि मानवाचं क्षुद्रत्व दोन्ही आपोआप गळून गेलं, ते खोडायला कोणी सांगितलं नव्हतं. तो लेख एका दिवाळी अंकात आला. बाईंना घरबसल्या, एकटीने, ती मोहरी आठवली असती का? असतीही. पण ती लिहिण्याजोगी आहे असं वाटलं नसतं. आपल्याला जे रोजचं वाटतं ते दुसऱ्याला नवं असतं, आणि हे कळायला तो दुसरा समोर बसलेला लागतो.

बाकी चहा, भडंग आणि वेळेवर सुरुवात. उशिरा येणाऱ्याने पुढच्या वेळी भडंग आणायचं.

घरच्यांना वाचायला द्यावं का?

द्या, पण कच्चं देऊ नका. घरचा माणूस लेख वाचत नाही, लेखातलं स्वतःचं नाव शोधतो. माझ्या बायकोने माझी एक गोष्ट वाचून एवढंच विचारलं, "ही जी भांडकुदळ वहिनी आहे, ती निळी साडी का नेसलीय?" ती बिचारी पूर्ण कल्पनेतली होती, साडीसुद्धा. पण त्यानंतर चार दिवस घरात तापमान जरा वेगळं होतं.

एक अपवाद आहे, आणि तो मोठा आहे. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. शेतात, घरकामात, जात्यावर त्या रचत गेल्या, आणि मुलगा सोपानदेव व एका मावसभावाने ऐकून त्यातलं काही कागदावर उतरवलं. १९५१ मध्ये त्या गेल्या. सोपानदेवांनी ती कविता आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. म्हणजे घरातच ऐकणारे कान नसते तर ते काव्य जात्याच्या घरघरीतच राहिलं असतं. तुमच्या घरी तसा कान असेल तर माझं वरचं सगळं विसरा.

सगळे नुसतं "छान" म्हणतात. पुढे काय?

"छान" हे मराठीतलं दार लावून घेण्याचं सभ्य रूप आहे. त्याच्यामागे अंगठ्याचं चित्र आलं तर कडीसुद्धा लागली म्हणा. दोष त्यांचा नाही, तुम्ही विचारलंच असं की दुसरं उत्तर देता येऊ नये. "कसं वाटलं?" विचारू नका. "कुठल्या परिच्छेदात लक्ष दुसरीकडे गेलं?" विचारा. "यातलं एक वाक्य काढायचं झालं तर कुठलं काढशील?" विचारा. लोक आनंदाने सांगतात, कधी कधी गरजेपेक्षा जास्तच आनंदाने.

टीका झोंबते. लिहायची इच्छाच जाते.

झोंबणारच. 'साभार परत' हे दोन शब्द लिहिलेलं पाकीट ज्यांनी उघडलंय त्यांना विचारा. मी वीस वर्षांचा असताना एका अंकाकडून माझी कथा परत आली, तिच्यावर चहाच्या कपाचा गोल डाग होता. आणि खरं सांगतो, त्या डागाने मला बरं वाटलं. निदान कोणीतरी चहा पिताना ती समोर धरली होती.

टीकेत दोन जाती असतात. "हे मला कळलं नाही" ही पहिली, ती नेहमी खरी मानावी, कारण न कळणाऱ्याशी वाद घालता येत नाही. "हे असं लिहायला हवं होतं" ही दुसरी, ती ऐकून घ्यावी आणि घरी जाऊन बहुधा विसरावी. 'सत्यकथा' मासिकात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहून पुनर्लेखन करून घेत. तेवढा वेळ देणारा संपादक आता मिळणं कठीण, आणि ते मासिकही १९८२ मध्ये बंद पडलं. म्हणून ते काम थोडंथोडं आपणच एकमेकांसाठी करायचं.

आणि एक: तीन बैठकांत तुमच्या लिखाणावर कोणी काहीच बोललं नाही तर ते टीकेपेक्षा वाईट आहे. तिथे कान नाहीत. उठा.

गटात राहून सगळ्यांचं लिखाण एकसारखं होत नाही का?

होतं. भीती खरी आहे. पुण्यात १९२३ मध्ये रविकिरण मंडळ स्थापन झालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. आणि मनोरमाबाई रानडे ही मंडळी एकत्र जमायची, एकमेकांच्या कविता ऐकायची. त्याच वर्षी 'किरण' हा त्यांचा एकत्रित संग्रहही आला. गावोगाव काव्यगायनं करून त्यांनी कविता लोकांच्या कानापर्यंत नेली, हे त्यांचं मोठं काम. पण मंडळ म्हटलं की काही लकबी, काही लाडके शब्द सामाईक होतातच. त्या लकबी १९२५ मध्ये केशवकुमार, म्हणजे आचार्य अत्रे, यांनी 'झेंडूची फुले'मध्ये अशा पकडल्या की लोक आजही विडंबन वाचून हसतात आणि मूळ कविता शोधायला जातात.

आमच्याकडे मध्यंतरी प्रत्येकाच्या गोष्टीचा शेवट पावसात व्हायला लागला होता. पोस्टमास्तर काकांनी जाहीर केलं की पुढचे सहा महिने कोणाच्याही गोष्टीत पाऊस पडणार नाही. एवढं पुरलं. गटात एखादा तरी असा माणूस ठेवा, जो गटाचीच नक्कल करू शकेल.

मी माणूसघाणा आहे. बैठक, चर्चा वगैरे मला जमणार नाही.

मग एकच माणूस शोधा आणि पत्र लिहा. जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहत, इंग्रजी शिकवत. सभा-समारंभांपासून ते इतके लांब राहत की त्यांच्या एकांताच्याच दंतकथा झाल्या. पण त्यांचा पत्रव्यवहार पाहा. त्यांच्या निवडक पत्रांचा पहिला खंड सगळाच सुनीताबाई देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचा आहे. वाचलेली पुस्तकं, चित्रं, माणसं, स्वतःच्या कथांबद्दलची धुसफूस, सगळं त्यात येतं. माणसांपासून लांब राहणाऱ्या लेखकालाही पोस्टमनची वाट असते.

पत्राचा फायदा असा की ते स्वतःच लिखाण असतं. दर आठवड्याला एका मित्राला एक पान लिहिलंत तर वर्षाला बावन्न पानं होतात, आणि त्यातली दहा तरी कुठे ना कुठे उपयोगी पडतात. ईमेल चालेल. पोस्टकार्ड तर अजून पन्नास पैशांना मिळतं. त्याच्या पाठीवर जागा इतकी कमी की विशेषणं आपोआप गळतात. पाठवण्याआधी फोटो काढून ठेवा, नाहीतर तुमचं उत्तम वाक्य दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये राहील.

व्हॉट्सॲप ग्रुप चालेल का?

वेळ ठरवायला चालेल. लिखाण ऐकवायला नाही. आम्ही एकदा मोठा ग्रुप काढला, दीडशेच्या वर माणसं जमली. तिसऱ्या आठवड्यात कोणाच्या तरी कवितेखाली सतरा गुलाब, एक वाढदिवस आणि गुडघेदुखीवरचा काढा होता. कवितेबद्दल अवाक्षर नाही. आता ग्रुपवर फक्त सहा जण आणि फक्त एक निरोप: "रविवारी पाच, कोण काय वाचणार?"

माझं लिखाण कोणी ढापलं तर?

नाव काढून फॉरवर्ड होणं हा प्रकार सर्रास चालतो. माझाच एक विनोदी लेख मला 'आवडला तर पुढे पाठवा' अशा शेपटासह परत आला. पाठवणारा चुलतभाऊ. त्याला म्हटलं, अरे हा माझा आहे. तो म्हणाला, "छे, हा चांगला आहे."

कायद्याने लिखाण लिहिल्या क्षणापासून तुमचं असतं. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात नोंदणी सक्तीची नाही, आणि हक्क लेखकाच्या हयातीत व मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. नोंदणी केलीत तर वादात पुरावा म्हणून उपयोग होतो. नाहीतर तारखेसह स्वतःला मेल करून ठेवा, निदान कधी लिहिलं त्याचा माग राहतो. पण कल्पनेवर हक्क नसतो, मांडणीवर असतो. "पुरानंतर घरी परतलेली बाई" ही कल्पना कोणीही घेऊ शकतो. चिखलातली कोरडी मोहरी उचलली तर मात्र आम्ही पाच साक्षीदार आहोत. मोठ्याने वाचण्याचा हाही एक फायदा.

मी बोलीत लिहितो. ऐकणारे सगळं 'शुद्ध' करायला सांगतात.

ऐकू नका. आणि शक्य असेल तर तुमच्या बोलीचा निदान एक माणूस गटात आणा. आमच्यातल्या एक शिक्षिका मूळच्या मालवणच्या. त्यांच्या गोष्टीतली आजी सांगलीच्या कानाला कळावी म्हणून त्यांनी तिला पुस्तकी बोलायला लावलं, आणि आजी एकदम मुख्याध्यापिका झाली. शेवटी त्यांनी गोष्ट फोनवरून गावच्या भावजयीला वाचून दाखवली. तिने तीन शब्द बदलले. आम्हाला त्यातला एक अजून कळलेला नाही, पण आजी परत आजी झाली.

गाळायची असते ती ओढूनताणून आणलेली बोली, तोंडी लावायला घेतलेली. ती ओळखायला त्या बोलीचाच माणूस लागतो, व्याकरणवाला नाही.

नामवंत लेखकांशी ओळख वाढवली तर फायदा होतो का?

फोटोला होतो. संमेलनात लेखक भेटले तर त्यांच्या पुस्तकातल्या एखाद्या नेमक्या जागेबद्दल बोला, आपलं बाड पुढे करू नका. दोन ओळींचं, उत्तराची अपेक्षा नसलेलं पत्र पाठवलंत तर कधी कधी उत्तर येतं. संपादकांना अंक न वाचता लेख पाठवू नका. दिवाळी अंकासाठी पाठवायचं असेल तर पावसाळ्याच्या सुरुवातीलाच पाठवा. गणपतीत आठवण झाली तर बहुतेक ठिकाणी उशीर झालेला असतो.

मी परदेशात असतो. इथे मराठीत लिहिणारं कोणी नाही.

आमची एक जुनी सदस्य अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असते. महिन्यातून एकदा आम्ही रात्री नऊला व्हिडिओवर बसतो. तिच्याकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेअकरा, हिवाळ्यात साडेदहा. घड्याळ बदललं की एक बैठक हमखास चुकते. तिची अडचण वेगळी आहे. ती आठवणीतल्या सांगलीबद्दल लिहिते, आणि आम्ही म्हणतो, तो थिएटरचा चौक आता तसा राहिला नाही. एकदा ती चिडून म्हणाली, "मग मी कुठलं लिहू?" औषधवाले म्हणाले, "तुझ्या खिडकीतून आत्ता काय दिसतं?" तिने लॅपटॉप फिरवला. बर्फात अर्धी गाडलेली तुळशीची कुंडी होती. त्यावर ती अजून लिहितेय, आम्ही थांबलोय.

नातेवाइकांबद्दल, मित्रांबद्दल लिहिलं आणि नाती बिघडली तर?

बिघडतात. नाव बदलून भागत नाही, गाव बदलूनही नाही. लोक स्वतःला गुणांवरून ओळखत नाहीत, वस्तूंवरून ओळखतात. काकांचा कंजूषपणा लिहा, ते शेजाऱ्याचा समजतील. त्यांची फुटकी कपबशी लिहा, दुसऱ्या दिवशी फोन येईल. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला छापण्याआधी वाचून दाखवावं, असं मी आता करतो. एकदा एका आत्याने ऐकून सांगितलं, "हे सगळं खरं आहे, पण मी गेल्यावर छाप." तो लेख फाइलमध्ये आहे. आत्या ठणठणीत आहेत.

कट्ट्याला नाव काय ठेवावं?

पहिल्या वर्षी आमच्या दोन बैठका नावावरच गेल्या. शब्दांकुर, अक्षरयात्री, कृष्णाकाठ, सगळं झालं. मग विषय सुटला. सगळ्यांच्या फोनमध्ये ग्रुपचं नाव 'शनिवार' आहे, कारण पहिली बैठक शनिवारी झाली होती. त्यानंतरची एकही शनिवारी झालेली नाही.